हुंकारवाली

"जा, पानी आन," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

कोणाला वाटेल, माणूस तहानलेला आहे. माणूस होता पोंभुर्ण्यापलीकडच्या आमच्या गावात, आपल्याच ओसरीवर, घागर हातभर अंतरावर. आणि मी चंद्रपुरात, तुकूममध्ये, खैरुनचाचीच्या माडीवरच्या भाड्याच्या खोलीत, लॅपटॉपपुढे. पण ते ऐकलं आणि चहाचा कप माझ्या हातातच राहिला. पकडली गेले होते मी! झालं होतं असं, की त्या बुधवारी बाबा रोजच्यासारखं सांगत होते आणि मी एका बासरीवाल्याच्या रीलखाली टाकायच्या दोन ओळी जुळवत बसले होते. "धान घरी आलं," बाबा म्हणाले. मी म्हटलं, हं. "एक पोतं उंदरानं फोडलं." हं. "मांजर आनली गुणाबाईकडून." हं. "मंग सांजच्याले बिबट्या आला ओसरीवर. त्याले चहा देल्ला. थो म्हने, साखर कमी हाय." "हं," मी म्हटलं, आणि बासरीला 'मधुर' लिहावं की 'रसाळ', या विचारात पडले. मग बाबांचा तो आवाज, ना राग ना हसू: जा, पानी आन. कानशिलं तापली माझी. एवढी घोडी झाले, चार लोक मॅडम म्हणतात, आणि बापानं एका बिबट्यावर धरलं.

आमच्या घरचा हा जुना कायदा आहे. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की सगळं घर पहाटे जंगलात जायचं, पानं तोडून आणायचं, आणि दुपारभर आंब्याखाली बसून पुडके बांधायचं. हात गुंतलेले, तोंड मोकळं. मग बाबा कथा लावायचे. चार ओळी खंजिरीवर गायचे, चार ओळी सांगायचे, आणि सांगता सांगता थांबायचे. ते थांबले की समोरच्यानं 'हूं' म्हणायचं. हाच हुंकार. हुंकार आला तर कथा पुढे, नाही आला तर तिथंच बसकण. बैल जसा हाकेशिवाय पाऊल उचलत नाही तसं. मोठ्यांत हुंकाराचं काम लच्छूकाकांचं, पोरासोरांत माझं. 'हुंकारवाली' हेच नाव पडलं होतं मला, दिव्यानी फक्त शाळेच्या हजेरीत. आणि बाबा पक्के लबाड. मधेच काहीतरी अचाट घुसडायचे, राजानं हत्ती खिशात घातला वगैरे, आणि त्यावरही जो 'हूं' म्हणेल तो धरला जायचा. ऐकत नव्हता लेकाचा, नुसती मान हलवत होता! शिक्षा ठरलेली: ऊठ, हापशीवर जा आणि सगळ्यांसाठी पाणी आण. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन ज्यानं खाल्लंय त्यालाच हापशीचा दांडा किती चटका देतो ते ठाऊक. मी पेंगायला लागले की लच्छूकाकांच्या बरोबर लक्षात यायचं. हत्ती खिशात जाताजाताच ते माझ्याआधी ठणठणीत 'हूं' म्हणायचे, आणि "धरलं बाप्पा मले, धरलं" करत कळशी उचलून चालू लागायचे. मला वाटायचं, काका किती बावळट आहेत.

आता गंमत पाहा. मी पोट कशावर भरते? लोकांना ऐकायला शिकवण्यावर. हसू नका. दर आठवड्याला माझा ऑनलाइन वर्ग असतो, 'ऐकणं हे कौशल्य आहे' या नावाचा. त्यात अर्धे वाजवणारे-गाणारे असतात, अर्धे काहीबाही विकणारे. ऑर्गनवाल्यांना मी सांगते, आपला सूर लावण्याआधी गाणाऱ्याचा श्वास ऐका. मसालेवाल्यांना सांगते, गिऱ्हाईक बोलत असताना मनात उत्तर रचू नका. समोरच्याचं वाक्य त्यालाच परत म्हणून दाखवा, म्हणजे आपण ऐकल्याची खात्री पटते. पैसे देऊन लोक हे लिहून घेतात. आणि वर्गाचा पहिला नियम, ठळक अक्षरांत: बोलणाऱ्याखेरीज सगळ्यांचे माइक बंद. हा नियम मला मनापासून आवडतो. ओळीनं चौकोन, चौकोनात चेहरे, कोणाच्या घरची शिट्टी नाही, कोणाचं खोकणं नाही. माझाच आवाज माझ्या कानात कसा स्वच्छ वाजतो! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्यानं काढली त्याच्या डोळ्यांपुढे माझ्यासारखीच कोणी बाई असणार. रसाळ खोडून मी मधुर लिहिलं, मग तेही खोडलं. बासरीवाल्याचं ते रील मी आवाज बंद करून पाहत होते, हेही तेव्हाच लक्षात आलं.

पण मला खरा चटका बसला तो वेगळ्याच गोष्टीनं. त्याच फोनवर, बिबट्याच्या आधी, बाबा म्हणाले होते, "येत्या इतवारी अखेरचं, बेटा. सोमवारी खंजिरी भजनमंडळाले देऊन टाकतो." आणि मी त्यावरही 'हं' म्हटलं होतं. बाबांची खंजिरी! गेल्या वर्षी लच्छूकाकांना त्यांचा मुलगा दिनेश हैदराबादला घेऊन गेला, तेव्हापासून बाबांनी ती खुंटीवरून काढलीच नव्हती. जन्मभर दोघं बरोबर. बाबा गाणार, काका झील धरणार, म्हणजे ओळीचं शेपूट उचलून वर नेणार, आणि मधे हुंकार. काका निघाले त्या दिवशी बाबा बसपर्यंतही गेले नाहीत. म्हणे, धानाची बांधी पाहाची होती. पाणी नसलेल्या बांधीत काय पाहायचं असतं! मग फोनसुद्धा नाही. विचारलं तर म्हणायचे, "जानारानं कराव फोन. मी तं इथीच हावो." तिकडे काकाही हेच म्हणत असणार, की राहणाऱ्यानं करावा. मला ते मुकेपण पाहवेना. म्हणून मीच डोकं चालवलं: दर रविवारी दुपारी बाबांची कथा ऑनलाइन. आमच्याकडची माणसं कामाधंद्यानं कुठं कुठं पांगलीत, पुण्यात, नागपुरात, एक जण तर दुबईत. सगळ्यांना लिंक धाडल्या. माणसं आली, चांगली पडदाभर आली. बाबा नवं धोतर नेसून, मोबाइल धान मोजायच्या पायलीला टेकवून बसले. मी नियमाप्रमाणे सगळ्यांचे माइक बंद केले, वरून कुलूपच घातलं, कोणाला चुकूनही उघडता येऊ नये. आणि बाबा थोडं गायले, थोडं बोलले, थांबले, पडद्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "बस झालं आता." पुढच्या रविवारीही तेच, त्याच जागी. मला वाटलं, वय झालं, विसरतात. त्यांना ओळी लिहून द्याव्यात का, असाही विचार केला मी. देवा रे, मी बाबांना ओळी लिहून देणार होते.

त्याच बुधवारी दुपारी भाजी आणायला निघाले तर कान उगीच टवकारलेले. रिक्षावाला काय म्हणतोय, कोळशाचा ट्रक गियर कसा बदलतो, जटपुरा गेटच्या कमानीखाली हॉर्न कसे एकमेकांवर आदळतात, सगळं एकदम आत शिरायला लागलं. चंद्रपुरात इतका आवाज आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्या सगळ्या गोंगाटात माणसं मजेत एकमेकांशी बोलत होती. भाजीवाली एकीला भाव सांगत होती, दुसरीच्या सुनेचं बाळंतपण ऐकत होती आणि तिसरीला नुसत्या 'हाव माय, हाव माय'वर धरून ठेवत होती. मी उभी राहून पाहतच राहिले. "का पायजे, बाई?" तिनं विचारलं तेव्हा मला काहीच आठवेना, म्हणून पालक घेतला. घरी आले तर जिन्यात खैरुनचाची. नळाला पाणी नाही, मोटर जळली, मिस्त्री शफी दुकान सोडून येत नाही, असं त्यांचं चाललेलं. म्हटलं, चला, आज नीट ऐकू. डोळ्याला डोळा लावला, मान तिरकी केली आणि वर्गात सांगते तसं म्हटलं, "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की, मोटर जळली आणि शफीभाई येत नाहीत." चाची माझ्याकडे पाहतच राहिल्या. "अवो, तेच तं बोल्ली ना मी आत्ता! बहिरी झाली का काय, बेटा?" मग स्वतःच हसल्या, माझ्या पिशवीतला पालक पाहून म्हणाल्या, "इतका पालक कोन खाईन?" आणि अर्धी जुडी घेऊन गेल्या. मी जिन्यातच बसले. आंब्याखाली पुडका बांधणारी ती पोट्टी काय वेगळं करायची? ती वाक्य परत म्हणायची नाही, डोळ्याला डोळा लावायची नाही. तिची नजर तर पानांवर असायची. नुसतं 'हूं' म्हणायची. पण ते 'हूं' दर वेळी निराळं असायचं, हे मला आता, जिन्याच्या पायरीवर, आठवलं. राजा रडला की खालचं हूं. राक्षस आला की आखडलेलं हूं. राजकन्या पळून गेली की हूंच्या जागी नुसता श्वास, आणि बाबा त्या श्वासावरच पुढची ओळ उचलायचे. कधीकधी तर माझ्या हूंवरून कथा वळायची. मी घाबरले की राक्षस लवकर मरायचा. एवढं आठवलं आणि मला फार आनंद झाला, कशाचा ते सांगता येईना. पण पुढे काय करायचं ते काही सुचलं नाही.

शनिवारपर्यंत मी बाबांना फोन केला नाही. भीती वाटत होती, खरं सांगते. इतवारी पुन्हा ते त्याच जागी थांबतील, 'बस झालं' म्हणतील, आणि सोमवारी खंजिरी जाईल. ती एकदा गेली की माझे बाबा सांजच्याला ओसरीवर नुसते बसलेले असतील, हे मला दिसत होतं. भरपूर तयारी केली मी. छान चित्र केलं, वर लिहिलं, 'झोप विकणाऱ्या राजाची कथा, सांगणार वारलू'. कोण किती वेळ थांबतं, कोण मधेच जातं, याचा धंद्याच्या सवयीनं हिशेबही लावून ठेवला होता. त्यात एक चौकोन मला पहिल्यापासून खुपायचा. त्याच्यावर माणसाचं नाव नाही, नुसतं मोबाइलच्या कंपनीचं, आणि चेहऱ्याच्या जागी छताचा पंखा, तोही बंद. दोन्ही रविवारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो पंखा तसाच. कोणीतरी लिंक उघडून मोबाइल खाटेवर फेकून गेला असणार. मी त्याला 'निष्क्रिय श्रोता' या रकान्यात टाकून दिलं होतं.

रविवारी दुपारी खैरुनचाची निवडायचे तांदूळ घेऊन वर आल्या. "आज तुझ्या बाबाची गोष्ट हाय ना? मी बी आयकते," म्हणाल्या आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. चौकोन भरत गेले. पुणं, नागपूर, दुबई; बंद पंखाही आला. बाबा पायलीपुढे बसले. माझ्याकडे, म्हणजे पडद्याकडे, त्यांनी पाहिलं नाही. खंजिरी मांडीवर घेतली, तळहातानं तिचं कातडं एकदा पुसलं, जसं पाठवणीला पोरीच्या तोंडावरून हात फिरवतात तसं. मी नेहमीप्रमाणे माइक बंद केले. कुलूप घातलं. बाबांनी सुरू केलं. एक राजा होता, त्याला झोप फार. एक व्यापारी आला, म्हणाला, तुझी झोप मला दे, मी तुला सोन्याचा पलंग देतो. राजानं झोप दिली, पलंग घेतला. बाबा गायले. आवाज थोडा खरखरीत, पण आत तोच जुना गूळ. मग म्हणाले, "पलंग तं आला. पन पलंगावर पडून राजानं कराचं का?" आणि थांबले. मान थोडी वर, भुवया उचललेल्या. चौकोनात सगळे गप्प, काहींनी लाल बदामं सोडली, ती तरंगत वर गेली. बाबांनी त्या बदामांकडे पाहिलं. पुढची ओळ म्हटली. पुन्हा थांबले. पुन्हा भुवया. मग त्यांची नजर पडद्याच्या काठाकाठानं फिरली, कोणी आहे का नाही ते पाहत असावी तशी, आणि खंजिरीवरची बोटं सुटली.

"अवो बेटा," खैरुनचाची मला ढोसत म्हणाल्या, "मी किती वेळची हूं-हूं करून राह्यली, हे बाबा थांबून कोनाले पाहून राह्यले? त्यायले सुनाई नाई देत का?"

"चाची, आपला माइक बंद आहे."

"बंद? कोनं केला?"

"मी केला," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता ताडकन उभी राहिले. तांदळाचं सूप चाचींच्या मांडीवरून निसटता निसटता राहिलं. मी केला! बापाला भिंतीपुढे बसवलं मी, आणि वर म्हटलं, विसरतात! अगं हुंकारवाले, तूच सगळ्या गावाच्या तोंडाला कुलूप घातलंस की. तिकडे बाबा खंजिरी खाली ठेवत होते. "बस झालं आता," हे शब्द त्यांच्या ओठावर येताना मला दिसत होते. मी कुलूप काढलं, आपला माइक उघडला आणि ओरडलेच, "बाबा, थांबा! सगळ्यांनी माइक उघडा! खाली लाल माइक दिसतोय, त्याच्यावर बोट ठेवा. हुंकार द्या हुंकार, बाबा थांबलेत!"

आणि काय सांगू! पडद्याचा बांध फुटला. कोणाच्या कुकरची शिट्टी, कोणाचा टीव्ही, दुबईवाल्याकडे बांग, नागपुरात कोणी पोर भोकाड पसरून, आणि त्या सगळ्या कल्लोळातून इथून तिथून 'हूं', 'हूं', 'हाव', 'मंग?' बाबा दचकून मागे सरले. आणि तेवढ्यात तो बंद पंखा हलला, वाकडा झाला, छतावरून भिंतीवर घसरला, आणि चौकोनात अर्धा गाल आणि एक पिकली मिशी येऊन थांबली.

"अबे वारल्या! हूं म्हनून म्हनून घसा बसला ना माहा! तुले आयकू येत नाई का बे?"

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. "कोन? लच्छू?"

"तं का निजाम बोलून राह्यला? पहिल्या इतवारपासून बसून हावो इथी, दिनेशनं लावून देल्लेला मोबाइल मांडीवर घेऊन. तू थांबला का मी हूं म्हन्तो. तू मले पाह्यतच नाई. म्हटलं, वारल्या रुसला दिसते."

"मंग तू बोल्ला काऊन नाई?"

"बोलूनच तं राह्यलो ना!"

बाबा हसायला लागले. हसता हसता दुपट्ट्यानं तोंड पुसलं, मग डोळे, मग पुन्हा तोंड. माझेही डोळे वाहत होते आणि चाची मला तांदळाच्या हातानंच थोपटत होत्या. निष्क्रिय श्रोता! त्या माणसानं दोन रविवार, मी घातलेल्या कुलपाच्या पलीकडून, एकही जागा न चुकवता हुंकार दिला होता, आणि मी त्याच्यापुढे फुली मारून मोकळी. मला फार लाज वाटली आणि त्याहून जास्त हसू आलं.

बाबांनी खंजिरी उचलली. मग कथा अशी पळाली म्हणता! राजा झोप शोधत रानात गेला, सागाला विचारलं, मोहाला विचारलं. ओळ आली की लच्छूकाका हैदराबादेतून तिचं शेपूट उचलायचे. आवाज थोडा उशिरा पोचायचा, झील मागून धावत यायची, पण बाबा तिच्यासाठी थांबायचे. कुकरच्या शिट्टीवर बाबा म्हणाले, "हे राजाच्या पोटातली भूक," आणि नागपूरचं रडणारं पोर आपोआप राजाचं पोर झालं. मी काही करत नव्हते. कोण आलं, कोण गेलं, पाहत नव्हते. गळ्यातून हूं आपलं आपण निघत होतं, आणि दर वेळी निराळं. मग बाबांनी आवाज अगदी साधा केला. तो साधा आवाज मी ओळखते.

"चालता चालता राजाले बिबट्या भेटला. राजानं त्याले चहा देल्ला. थो म्हने, साखर कमी हाय."

"हूं," पुणं म्हणालं. "हूं," दुबई म्हणाली. "हूं," खैरुनचाची म्हणाल्या. आणि सगळ्यांच्या आधी, ठणठणीत, लच्छूकाका: "हूं!"

"हट्!" मी ओरडले. "बिबट्या कुठी साखर मांगते, बाबा?"

"धरले!" बाबांनी खंजिरीवर थाप मारली. "सारे धरले! लच्छ्या, तू बी?"

"धरलं बाप्पा मले, धरलं," काका म्हणाले, आणि त्यांची मिशी चौकोनातून उठून निघूनही गेली. मी गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बावळटपणाचा अर्थ नीट ऐकला.

"चला, पानी आना सारे," बाबा म्हणाले. चौकोनाचौकोनातून माणसं हसत उठायला लागली. कोणी बाटली दाखवली, कोणी पेला. चाचींनी तर माझ्याच माठातून भरून घेतलं, मोटर जळाल्याबद्दल शफीला दोन शिव्या घालत. मला कोणी धरलं नव्हतं. तरी मी उठले, तांब्या घासला, काठोकाठ भरला, आणि सांडत सांडत पडद्यापुढे आणून धरला.

"तुले कोनं सांगतलं?" बाबांनी विचारलं.

"हे बुधवारचं, बाबा."

ते तांब्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. "ठेव तिथी," म्हणाले. "अन् आता आयक." त्यांनी चार ओळी गायल्या, चार सांगितल्या, आणि भुवया उचलून थांबले. मी 'हूं' म्हटलं.